तोंडात टाकायला काहीतरी



आपल्या भाषेत खाण्याला जितके शब्द आहेत, तितके दुसऱ्या कोणत्या व्यवहाराला क्वचितच असतील. सकाळी करावयाची ती न्याहारी. दोन जेवणांच्या मध्ये जे खावयाचे ते मधल्या वेळचे. प्रवासाला बरोबर बांधून घ्यावयाची ती शिदोरी. बाहेरून येणाऱ्या वडील माणसाने मुलांच्या हातावर ठेवावयाचा तो खाऊ. उपवासाला किंवा दिवाळीला करावयाचा तो फराळ. मूळ शब्द फलाहार, पण चकली-कडबोळ्यांना फळांच्या पंक्तीला बसवण्याचे औदार्य आपल्या भाषेपाशी आहे. या शब्दांकडे जरा निरखून पाहिले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. यांतला एकही शब्द नुसत्या पदार्थाचे नाव नाही. एक वेळ सांगतो, दुसरा निमित्त सांगतो, तिसरा देणारा कोण ते सांगतो. आपल्याकडे खाणे हे कोणत्या तरी वेळेचे, कोणत्या तरी निमित्ताचे आणि कोणाच्या तरी हातचे असे.

आता विशी-पंचविशीतल्या एखाद्या मुलाच्या हातातले पाकीट पाहा. रात्रीचे अकरा वाजले आहेत. समोर पुस्तक उघडे आहे, शेजारी फोन उजळलेला आहे, आणि डावा हात पाकिटात जातो आहे. त्याला विचारावे, "काय खातोस रे?" तर तो म्हणेल, "काही नाही, असंच. तोंडात टाकायला काहीतरी." या 'असंच'ला वरच्या शब्दांपैकी एकही लागू पडत नाही. ही न्याहारी नाही आणि मधल्या वेळचेही नाही, कारण वेळ कोणतीच नाही. फराळ नाही, कारण सण नाही. खाऊ तर नाहीच नाही. तो कोणी आणून दिलेला नाही, त्याचा त्यानेच विकत घेतला आहे. या बिनवेळेच्या खाऱ्या खाण्याविषयी आज मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिल्यानेच एक खुलासा करतो. पूर्वीचे लोक मीठ बेताने खात आणि आजची पिढी तेवढी बिघडली, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पापड, लोणचे, सांडगे, कुरडया, ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या, हे सारे आपल्याच घरातले. उन्हाळ्याच्या वाळवणात मीठ ओंजळीने पडत असे, कारण तेथे त्याचे काम चव देण्याइतकेच पदार्थ टिकवण्याचे होते. खारे खाण्याची आवड ही काही पाकिटाने आपल्याला लावलेली नाही. नाशिकचा चिवडा, सांगली-जयसिंगपूरकडचे भडंग, खानदेशातली रश्श्यात पडून भाजी झालेली शेव, यांची नावे निघाली की आपल्यातल्या वयोवृद्धांचेही चेहरे खुलतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने तर या यादीत आणखी भर घातली आहे. इंदूरच्या मराठी घरात पोह्यांवर शेव पडली नाही, तर ते पोहे पूर्ण झाले असे कोणी मानीत नाही. बिकानेरचा भुजिया ज्या मठाच्या पिठाचा होतो, तो मठ म्हणजे आपली मटकीच. आणि तंजावरकडचा मुरुक्कू पाहिला म्हणजे तो आपल्या चकलीच्याच गोतावळ्यातला आहे, हे सांगावे लागत नाही.

परंतु या खारटपणाला चहूबाजूंनी कुंपणे होती. पापड पानात एक. लोणचे पानाच्या डाव्या बाजूला, बोटाने चाटण्याइतके. मीठ तर सर्वांआधी पानात वाढले जाई, आणि मुख्य म्हणजे ते डोळ्यांना दिसे. किती घेतले हे घेणाऱ्याला कळे आणि वाढणारीलाही कळे. पाककृती सांगताना आपल्या बायका मिठाचे माप कधी देत नसत. 'चवीपुरते' हा एकच शब्द पुरे. त्या 'पुरते'मध्ये थांबण्याची जागा होती. चातुर्मासात कोणी अळणी जेवण्याचा नेम धरी, तेवढे दिवस जिभेला मिठाविना राहण्याचीही ओळख होई. चिवड्याचा डबा वरच्या फळीवर असे, आणि तो काढून देणे हा घरातल्या एका माणसाचा अधिकार असे.

या सर्वांहून मोठे कुंपण हवेचे होते. चिवडा सादळत असे. पावसाळ्यात तर तो दोन दिवसांत मऊ पडे आणि शेव दाताखाली चिवट लागे. ओल्या हाताने डब्याचे झाकण उघडले तर घरात बोलणी बसत. दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवावयाचा, तर तो जपावा लागे. आणि जे जपावे लागते ते माणूस बेताने खातो.

पाकिटाने प्रथम हे कुंपण मोडले. पाकिटात नुसती हवाच भरलेली असते अशी आपण थट्टेने तक्रार करतो. वस्तुतः ती साधी हवा नसते; बहुतेक पाकिटांत नायट्रोजन भरलेला असतो. तेलाला खवट वास येतो तो प्राणवायूमुळे. तो काढून टाकला, ओल आत जाऊ न देणारे चकचकीत आवरण घातले, की तीन महिन्यांपूर्वी तळलेली बटाट्याची चकती आजही तशीच कुरकुरते. ज्या पदार्थाला कधी सादळावयाचे नाही, त्याला संपवण्याची घाई नाही आणि जपण्याचीही गरज नाही. तो स्टेशनावर टांगलेला असतो, पानपट्टीच्या दुकानात टांगलेला असतो, औषधाच्या दुकानातदेखील मी टांगलेला पाहिला आहे. 'सादळणे' हे क्रियापद हळूहळू शब्दकोशात जाऊन बसेल, असे मला भय वाटते.

दुसरे कुंपण पैशाचे होते. पाच रुपयांच्या आणि दहा रुपयांच्या लहान पाकिटांनी तेही मोडले. येथे दुकानदारीचे एक चातुर्य आहे. बटाटा महागो की तेल महागो, पाकिटावरचा पाचाचा आकडा हलत नाही. हलते ते आतले वजन. नाणे खिशात असते, आणि नाण्याला विचार करावा लागत नाही. जाता जाता एक गोष्ट सांगतो. मिठावरच्या कराविरुद्ध १९३० साली गांधीजी दांडीपर्यंत चालत गेले, आणि त्याच वर्षी आपल्या कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. तो कर १९४७ साली गेला. आज मिठावर वस्तू व सेवा कर मुळीच नाही, आणि पाकीटबंद नमकीनवरचा कर २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला आहे. मी सरकारी नोकर असल्यामुळे या योगायोगावर अधिक बोलत नाही.

आता ज्यांच्या हातात हे पाकीट आहे, त्यांच्याकडे वळू. शहरोशहरीच्या तरुणांविषयी सरसकट बोलण्यापेक्षा ज्यांना मी जवळून पाहतो अशा मुलांविषयीच बोलणे बरे. पुण्यातल्या सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुले-मुली राहतात. कोणी बीडची, कोणी यवतमाळची, कोणी सोलापूरकडच्या एखाद्या खेड्यातली. त्यांतली काही पुढे दिल्लीला ओल्ड राजेंद्रनगरात किंवा मुखर्जीनगरात जातात. खोलीत चौघे, आणि अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याने घेतलेली एक खुर्ची, असा यांचा संसार. या खुर्चीवर दहा-दहा, बारा-बारा तास बसावयाचे. नोकरीच्या निमित्ताने माझा यांच्याशी संबंध येतो, आणि मी त्यांना पाठांतराचे प्रश्न विचारण्याऐवजी पुष्कळदा जेवणाचे विचारतो.

त्यांची उत्तरे ऐकून माझे स्वतःचे मत पालटले. घरोघरचे वडील म्हणतात, "हे जिभेचे चोचले आहेत. पैसा हातात खेळतो म्हणून हे सुचते." पण या मुलांचा हिशेब काही वेगळेच सांगतो. खाणावळ दोन वेळची. पैसे महिन्याचे आगाऊ. रात्री ठरल्या वेळी ती बंद होते, आणि अभ्यासिकेतून उठून जावे तर लागलेली तंद्री मोडते. रविवारी संध्याकाळी बहुतेक खाणावळींना सुटी. महिन्याच्या अखेरीस पैसे संपत आले की दोघांत एक डबा, किंवा सकाळचाच डबा अर्धा राखून रात्री. मुलींची अडचण आणखी निराळी. वसतिगृहाचे दार ठरावीक वेळी लागते. त्यानंतर भूक लागली तर बाहेर पडता येत नाही. म्हणून दुपारीच पिशवीत दोन पाकिटे टाकून ठेवावयाची. जे न सादळता, न सांडता, भांडे न विसळता, पाच-दहा रुपयांत, रात्री बारा वाजता पोटाला आधार देते, असे दुसरे काय त्यांना मिळणार? घरून फोन येतो. आई विचारते, "जेवलास का?" तो "हो" म्हणतो, आणि त्याच्या मते ते खोटे नसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याला आपण चैन समजतो ते पुष्कळ ठिकाणी जेवणाची उणीव भरून काढण्याचे साधन आहे. पाकीट हे त्यांचे चुकलेले जेवण आहे. हे एकदा मान्य केले, म्हणजे उपदेश किती तोकडा पडतो हे कळते. भुकेल्या माणसाला 'हे खाऊ नकोस' असे सांगण्यात शहाणपण थोडेच आहे.

अर्थात भूक हे एकच कारण नाही. जागरण हेही आहे. दाताखाली काही कुरकुरत असले, तर डोळा लागत नाही, असे ही मुले सांगतात; आणि 'शांतता राखा' या पाटीखाली ती कुरकुर शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून चकती आधी जिभेवर मऊ करून मग चावण्याचे कसब एकाने मला करूनही दाखवले. एकटेपणा आहे. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत जे काही करता येत नाही, त्या साऱ्याच्या जागी तोंड तरी चालू राहते. आणि स्वादाचे आकर्षण तर आहेच. वरून भुरभुरलेले बारीक मीठ जिभेला लागताच विरघळते. भाजीत शिजलेल्या मिठाला एवढी घाई नसते. म्हणून पहिल्या घासाला ते चटकन जाणवते, आणि हात पुन्हा पाकिटात जातो.

यात बिघडते काय? आपल्या शरीराला मीठ लागते, पण फार थोडे. मिठातील सोडियम रक्तात वाढले की ते पाणी धरून ठेवते. जादा सोडियम मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागते. ते काम नित्य अंगावर पडले, तर पुष्कळांच्या बाबतीत रक्ताचा दाब वाढू लागतो. तो वाढला म्हणून दुखत काही नाही, ताप येत नाही, चालणे थांबत नाही. हीच त्यातली खरी अडचण. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा. त्यात भाजी, आमटी, चटणी, पाव, बिस्किट, सारे आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांची जी देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीत आपल्या प्रौढांचे सरासरी प्रमाण दिवसाला सुमारे ८ ग्रॅम निघाले, आणि ते स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के यांचा रक्तदाब वाढलेला होता, किंवा तो आटोक्यात ठेवण्यासाठी ते औषध घेत होते. ही गणना पंधराव्या वर्षापासूनची आहे, पन्नाशीपासूनची नव्हे.

शासकीय सेवेत निवड झाल्यावर उमेदवाराची वैद्यकीय तपासणी होते. सव्वीस वर्षांच्या, दिसावयास सडपातळ अशा तरुणाच्या दंडाला पट्टा बांधल्यावर आलेला आकडा पाहून डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकावर अर्धा तास बसवले आणि पुन्हा मोजला, असे मी पाहिले आहे. पाच-सहा वर्षे ज्या दिवसाची वाट पाहिली, त्या दिवशी तो मुलगा त्या बाकावर बसून होता. त्याचा सारा दोष मिठावर लादणे अन्यायाचे होईल. जागरण, बैठे जीवन, काळजी, आनुवंशिकता, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पण यांपैकी आनुवंशिकता तर बदलता येत नाही, आणि परीक्षेची काळजी सोड म्हटल्याने सुटत नाही. मीठ मात्र कमी करता येते.

त्यासाठी एक साधा हिशेब तरुण श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पाकिटावर मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते, आणि तेही मिलिग्रॅममध्ये. त्या आकड्याची अडीचपट केली की मिठाचे वजन मिळते. समजा, १०० ग्रॅमांत ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे असे छापले आहे. तर मीठ झाले २ ग्रॅम. पाकीट ४० ग्रॅमांचे असेल, तर त्यातून पोटात गेले ०.८ ग्रॅम. आकडा लहान वाटतो. पण अशी तीन पाकिटे दिवसभरात संपली, तर ५ ग्रॅमांतले जवळजवळ निम्मे मीठ जेवणाला हात लावण्यापूर्वीच संपले. झटपट शिजणाऱ्या शेवयांच्या एका पाकिटात बहुधा याहून जास्त असते, आणि त्यातले पुष्कळसे त्या मसाल्याच्या पुडीत असते. ती अर्धीच घालावी, असा माझा सल्ला आहे. खारट लागत नाही म्हणजे सोडियम नाही, असेही समजू नये. पापडखार, खाण्याचा सोडा, यांतही ते असतेच, आणि गोड बिस्किटातही ते सापडते.

याच ठिकाणी कोणी आक्षेप घेईल की, आपल्या देशात बहुतांश मीठ घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जाते. पाकिटाला एवढा दोष कशाला? आक्षेप खरा आहे. घरी जेवणाऱ्या कुटुंबाने आपल्या आमटी-लोणच्याकडेच आधी पाहावे. पण घरचे मीठ कमी करणारी आई घरात असते. तिला सांगता येते. चौपाटीवरच्या भेळवाल्यालासुद्धा "तिखट कमी, मीठ कमी" असे सांगता येते, आणि तो ऐकतो; त्याच्या हातातली चिमूट आपल्या डोळ्यांसमोर असते. पाकिटाला काही सांगता येत नाही.

म्हणून पाकिटानेच आपल्याला सांगावे, अशी व्यवस्था हवी. २०२० च्या नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत अतिरिक्त मीठ, साखर व चरबी असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. हे योग्यच झाले. पण मुलगा अठरा वर्षांचा होऊन कॉलेजात गेला की त्या ५० मीटरांच्या बाहेर पडतो, आणि प्रौढ माणसाला मनाई करणे मला प्रशस्त वाटत नाही. प्रौढाला माहिती द्यावी, आणि ती त्याला दिसेल अशी द्यावी. आज सोडियमचा आकडा पाकिटाच्या मागे, घडीच्या आसपास, इतक्या बारीक अक्षरांत असतो की चाळिशी लागलेल्या माझ्यासारख्याने तो वाचण्याची आशाच सोडावी. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०१६ साली पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले: यात मीठ फार, यात साखर फार. ते वाचावयास पदवी लागत नाही. आपल्याकडे २०२२ च्या सप्टेंबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात ताऱ्यांच्या चिन्हांनी दर्जा दाखवण्याची कल्पना होती. मला स्वतःला काळा शिक्का अधिक प्रामाणिक वाटतो. तारा हा शाळेपासून आपल्याला बक्षिसाचा म्हणून परिचित आहे. एका ताऱ्याचे पाकीटसुद्धा काहीतरी मिळवल्यासारखे दिसते.

शिक्के येतील तेव्हा येतील. तोवर भुकेची सोय करता येण्यासारखी आहे. भाजलेले चणे, शेंगदाणे, चुरमुरे, केळे, उकडलेले अंडे, ही काही श्रीमंतांची खाणी नव्हेत. दहा-वीस रुपयांत ती पोटाला पाकिटापेक्षा अधिक वेळ धरतात. फुटाणे घेताना खारे न घेता साधे मागावेत, एवढेच. केळ्यात पोटॅशियम असते आणि ते सोडियमच्या परिणामाला थोडा आवर घालते. जिभेचे म्हणाल, तर ती वाटते तितकी हट्टी नसते. काही आठवडे मीठ कमी ठेवले, की पूर्वीचेच पाकीट तिला खारट लागू लागते. चातुर्मासात अळणी जेवणाऱ्यांना हे ठाऊक होते.

ज्यांच्या हाती अभ्यासिका, वसतिगृहे, वाचनालये आहेत, त्यांनी मात्र एक गोष्ट मनावर घ्यावी. टेबल, दिवा, पंखा, इंटरनेट यांची सोय आपण करतो. जेवणाच्या वेळेची करीत नाही. वाचनाची वेळ अकरापर्यंत वाढवली आणि खाणावळ नऊलाच बंद राहिली, तर मधल्या दोन तासांत काय विकले जाणार हे सांगावयास ज्योतिषी नको. शनिवार पेठेतल्या एका गल्लीत काही मुलींनी याला आपापला उपाय काढला. त्यांनी वर्गणी केली आणि शेजारच्या एका बाईंना विचारले. बाई संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी थापतच होत्या. त्यांनी पंधरा भाकरी आणि एक पातेले पिठले वाढवले. तिखट-मीठ किती घालावयाचे हे मुलींनी पहिल्या आठवड्यातच भांडून ठरवून घेतले. रविवारीही त्या चूल बंद ठेवीत नाहीत. आता अभ्यासिकेतली मुलेही तेथे येतात, आणि पावणेदहानंतर गेले तर भाकरी संपलेली असते.